परतीची शेवटची गाडी

मंगलामावशींनी एवढी लग्नं जुळवली, पण मुलगा बघायला म्हणून त्या कधी गेल्या नाहीत. त्या गाव बघायला जायच्या.

"मुलगा काय हो भाऊ, बघायला आले म्हटल्यावर दोन तास चांगलाच वागतो," त्या म्हणायच्या. "गावाला दोन तास सोंग घेता येत नाय."

इंदिरानगरला आमच्या सोसायटीत त्या माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. माहेर सटाण्याकडचं, त्यामुळे बोलता बोलता 'आहे'च्या जागी 'शे' यायचं. नाशकात अर्धं आयुष्य काढूनही त्यांनी ते 'शे' सोडलं नव्हतं. नवरा सातपूरला कारखान्यात भट्टीवर होता. तो गेल्यावर एकुलत्या एका अश्विनीला त्यांनी खानावळ चालवून वाढवलं, आणि खानावळीत जेवायला येणाऱ्या पोरांची लग्नं जमवता जमवता त्या सगळ्या तालुक्याच्या मावशी झाल्या. सोयरीक जमली की एक साडी आणि पहिल्या पंगतीत मान, याहून जास्त त्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही.

गाव बघायची त्यांची पद्धत ठरलेली. नवऱ्या मुलाच्या घरी त्या जायच्याच नाहीत. आधी पिठाच्या गिरणीत जाऊन बसायच्या. दळणाचा डबा कोण घेऊन येतं, सून की सासू, आणि डबा डोक्यावरून उतरवायला कुणी हात लावतं का, हे बघत. मग पाण्याच्या टाकीपाशी. मग पारावर एखादा म्हातारा एकटा बसलेला असला तर त्याच्याशेजारी. आणि एसटीतून उतरताना, पाय जमिनीला लागायच्या आधी, कंडक्टरला एक प्रश्न ठरलेला असायचा. "परतीची शेवटची गाडी किती वाजता?"

हा प्रश्न त्या स्वतःसाठी विचारतात असं मला बरेच दिवस वाटत होतं. बऱ्याच गोष्टी मला बरेच दिवस वेगळ्याच वाटत असतात.

एकदा लासलगावच्या पुढच्या एका खेड्यात त्या मला घेऊन गेल्या. मी नुकताच रिटायर झालेला, घरात बायकोच्या पायात येणारा. माझ्याकडे काम एवढंच, की मुलाच्या घरी जाऊन बसायचं आणि चहा पीत माणसांना गुंतवून ठेवायचं. "निळ्या दाराचं घर शे. जास्त बोलू नका," असं बजावून त्या गिरणीकडे गेल्या. मी निळ्या दाराच्या घरात शिरलो. लोक फार चांगले. कांदेपोहे आले, मी दोनदा घेतले. "चिरंजीव दिसत नाहीत," मी म्हटलं. घरमालक जरा ओशाळून म्हणाले, "चिरंजीव नाही आम्हाला. तिन्ही मुलीच." आणि त्यांनी आत हाक मारली. थोरली मुलगी साडी नेसून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. आता शहाणा माणूस इथे उठला असता. मी तिला शिक्षण विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं, आणि घाबरून उंचीसुद्धा विचारली.

गावात निळी दारं दोन होती. मावशी मला शोधत आल्या तोवर माझ्या इंजिनियर मुलाची पत्रिका कधी पाठवता इथपर्यंत बोलणं आलं होतं. मला मुलगा नाही. एक मुलगी आहे, ती लग्न होऊन ठाण्याला असते.

मावशींनी तिथे काही खुलासा केला नाही. वर्षभरात त्या मुलीला पिंपळगावचं चांगलं स्थळ मिळवून दिलं आणि मला म्हणाल्या, "फेडले तुमचे पोहे."

आणि ज्या मुलासाठी गेलो होतो, ते स्थळ त्यांनी मोडलं. घर चांगलं, मळा चांगला, सासू गिरणीत सुनेचा डबा उतरवत होती. मी म्हटलं, मग अडलं कुठे?

"शेवटची एसटी चारला शे. चारला गाव बंद. पोरीला पाचला रडू आलं तर तिने काय करायचं?"

तेव्हा मला कळलं, की तो प्रश्न मुलीसाठी असायचा.

पुढे अश्विनीचा फोन आला त्या सकाळी मावशी माझ्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचा तसा चेहरा मी आधी कधी पाहिलेला नव्हता. अश्विनी हॉटेल मॅनेजमेंट करून प्रवासी जहाजावर नोकरीला लागली होती. जहाज वेस्ट इंडिजकडच्या बेटांना फेऱ्या मारायचं. तिकडचाच एक मुलगा तिने पसंत केला होता. डोमिनिकन रिपब्लिक नावाचा देश, त्यातला सामाना नावाचा प्रांत. तिने आईला स्वच्छ सांगितलं होतं, "तू हो म्हटलंस तरच करेन. नाही म्हटलंस तर परत येईन. पण तू नेहमी करतेस तसं कर. गाव बघून मग सांग."

मावशी आत येऊन बसल्या. "भाऊ, गाव बघायचं शे. एसटी जात नाय. तुमच्या कंप्युटरवर जाईल का?"

मी कारखान्याच्या खरेदी खात्यात काम केलेला माणूस. बेअरिंग आणि नटबोल्ट सोडून जगातलं फार काही मला ठाऊक नाही. पण विचारल्यावर 'माहीत नाही' म्हणायची सवय नाही. मी म्हटलं, "वेस्ट इंडिज ना? मग काय बघायचंय? क्रिकेटवाले लोक. उंच, दिलदार."

पहिल्या व्हिडिओ कॉलवर मी त्या मुलाला विचारलं, बॅटिंग करतोस की बोलिंग? मुलाचं नाव एलियास. हसरा, काळासावळा, रुंद खांद्यांचा. अश्विनीने त्याला काहीतरी सांगितलं, तसा तो उठून आतून बॅट घेऊन आला. ती गोल होती. तिकडे क्रिकेट कुणी खेळत नाही, बेसबॉल खेळतात, ही माहिती मला त्या क्षणी मिळाली.

मावशी चष्मा सावरून म्हणाल्या, "हे तर मुसळ शे."

मग मी अभ्यासाला बसलो. नकाशा काढला. सामाना हे चक्क बेट निघालं, मोठ्या बेटाच्या शेजारी, मध्ये पाण्याची पट्टी. मी मावशींना तसं सांगितलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी दुसरा नकाशा काढला, तर त्यात पाण्याची पट्टी नव्हती. जमीन जोडलेली, लांबट, समुद्रात बोट घातल्यासारखी. पहिला नकाशा दोन-तीनशे वर्षांपूर्वीचा होता. तारीख कोपऱ्यात होती, मी कोपऱ्यात बघितलं नव्हतं. तेव्हाचे नकाशे काढणारे त्याला बेट समजायचे. मध्ये दलदल आणि खाडी होती, ती हळूहळू गाळाने भरत गेली.

"म्हणजे जमीन नंतर चिकटली," मावशी म्हणाल्या.

"हो, तसंच."

"मग चिकटलेली परत सुटणार नाय कशावरून?"

अजूनही सामाना बेट आहे की नाही असं मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तर मी 'विचारून सांगतो' म्हणेन.

रोज संध्याकाळी त्या आमच्याकडे येत, आणि बायको चहा टाकी. मग स्थळपाहणी चाले. पाणी? पाणी चांगलं होतं. प्रांताच्या मधोमध डोंगर, त्यात धबधबे, पाऊस भरपूर. पीक? नारळ. डोंगर उतरून समुद्रापर्यंत नारळच नारळ.

"म्हणजे कोकण," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड उतरलं. कोकणात त्या मुलगी देत नसत. कारण विचारलं तर सांगत नसत. "मासेही नारळातच शिजवत असतील."

"हो," मी वाचून म्हटलं. "नारळाच्या रसातला मासा तिकडचा प्रसिद्ध आहे."

"बघा. आणि मुलगा करतो काय?"

"होडीतून लोकांना देवमासे दाखवतो."

"धरतो?"

"नाही, नुसते दाखवतो. हिवाळ्यात दूरच्या थंड समुद्रातून देवमासे त्यांच्या खाडीत येतात. पिल्लं द्यायला. दोन-तीन महिने राहतात, मग परत जातात."

"बाळंतपणाला येतात म्हणा की."

"तसंच काहीसं."

"आणि दरसाल तिथेच?"

"दरसाल तिथेच."

त्यानंतर देवमाशांबद्दल त्यांनी वाकडा शब्द काढला नाही. कोकण मात्र त्यांना खुपत राहिलं.

खरा घोटाळा खानदानापाशी झाला. मुलाचं आडनाव जोन्स. मी म्हटलं, म्हणजे इंग्रज. पण चेहरा इंग्रजाचा नव्हता. पुढे आणखी एक आडनाव होतं, पेनिया. अश्विनीने सांगितलं की तिकडे बापाचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लावतात. मावशींना हे फार आवडलं, पण कूळ लावायचं कुणाचं हा प्रश्न दुप्पट झाला. शेवटी मी वाचलं ते असं, की जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून काळे लोक, गुलामगिरीतून सुटलेले, जहाजांनी इथे येऊन राहिले. देश स्पॅनिश बोलणारा, पण हे लोक आपली इंग्रजी आणि आपली भजनं घेऊन आले आणि पिढ्यान्‌पिढ्या ती धरून राहिले.

"मूळ कुठले मग?"

"अमेरिकेचे."

"त्याआधी?"

"आफ्रिकेचे. तिथून धरून नेलेले."

"आणि आईकडून?"

"आईकडचे स्पेनच्या ताब्यातल्या बेटांवरून आलेले शेतकरी असावेत. मला नीट कळलेलं नाही, मावशी."

"मग गावचे मूळ लोक कोण?"

तेही मी वाचलं होतं. कोलंबसाची जहाजं त्या खाडीत शिरली तेव्हा किनाऱ्यावरून बाण आले होते. खाडीला त्याने बाणांचं नाव दिलं. बाण मारणारे मात्र पुढे उरले नाहीत.

मावशींनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे सगळं गावच बाहेरून आलेलं शे. तिथे आमच्या पोरीला परकी म्हणायला कोण उरलंय?"

इकडे मात्र म्हणणारे उरले होते. सासरच्या गावाहून चुलतदीर आले. ते सोफ्यावर न टेकता उभ्याउभ्या म्हणाले, "वहिनी, जगाच्या पोरींना स्थळं शोधता आणि स्वतःच्या घरी हे? रंग तरी बघितला का पोराचा?"

"बघितला. तुमच्या भावाने भट्टीपुढे उभं राहून आणला होता तोच शे. तेव्हा कुणी विचारलं नाय."

दीर गेले. पण त्यांच्या मागोमाग मावशींच्या फोनची घंटाही गेल्यासारखी झाली. पूर्वी त्यांच्या दारात बायोडाटा घेऊन माणसं बसलेली असत. आता जिन्यात कुणी दिसायचं नाही. आमची ही एकदा म्हणाली, "मावशी, द्या नकार. पोर ऐकणारी आहे, परत येईल." मावशी म्हणाल्या, "तेच तर भ्या शे. ऐकेल." एवढंच बोलून त्या वाटाणे सोलत बसल्या.

शेवटचा प्रश्न त्या विचारत नव्हत्या. मी आपला विमानांची वेळापत्रकं काढून ठेवलेली. मुंबईहून एक विमान, मग दुसरं, मग तिसरं, मग तिकडची गाडी. त्या विचारायच्या नाहीत आणि मी सांगायचो नाही. ज्या बाईने चार वाजताच्या एसटीसाठी चांगलं स्थळ मोडलं, तिला मी हे काय सांगणार होतो?

मग विहीणबाईंशी बोलायचं ठरलं. मावशी ठेवणीतली पैठणी नेसून आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. इकडे दिवेलागण झालेली, तिकडे सकाळ. मी सुरुवातीलाच 'गुड इव्हिनिंग' म्हणालो. पडद्यावर एक भरदार बाई, मागे टिनाचं छप्पर, आणि शेजारी खुर्चीत मुलाची आजी. आजीला इंग्रजी येतं म्हणून तिच्याशी मी बोलावं अशी योजना होती. आजी माझ्याशी पाच मिनिटं बोलली. ते इंग्रजी असणार, कारण मध्ये एकदा 'चर्च' आणि एकदा 'जिंजर' ऐकू आलं, आल्याचा चहा बहुधा. मी नाशिकच्या हवामानाबद्दल बोललो. आजीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तशी नजर मी फक्त कारखान्याच्या ऑडिटमध्ये बघितली आहे.

मग अश्विनीने फोन फिरवून समुद्र दाखवला. खाडीत छोटी बेटं, आणि त्यांच्यापर्यंत गेलेला एक लांबच लांब पांढरा पूल.

"हा पूल कुठे जातो गं?" मावशींनी विचारलं.

"त्या बेटावर."

"तिथे काय शे?"

"काहीच नाही, आई. हॉटेल होणार होतं म्हणतात. लोक चालत जातात आणि परत येतात."

मावशींच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यातलं पहिलं हसू आलं. इतक्यात पडदा काळा झाला. मावशींचं हसू तिथेच विझलं. "रागावल्या का त्या? पुलाला हसले म्हणून?" अंधारातून अश्विनीचा आवाज आला, "काही नाही आई, लाइट गेली. इथे जाते रोज."

"लाइट जाते?" मावशी माझ्याकडे वळल्या. "भाऊ, हे तुम्ही वाचून सांगितलं नाय. मग एवढं काय परकं शे?"

लाइट आली तेव्हा तिकडे गल्लीभर माणसं ओरडलेली ऐकू आली. आणि विहीणबाई पुढे सरकून बसल्या. आता त्यांनी विचारायला घेतलं. अश्विनी दोन्हीकडचं सांगत होती.

नाशिकला समुद्र आहे का? नाही, नदी आहे. समुद्र नाही? मग लोक संध्याकाळी कुठे बघत बसतात?

मावशी गोंधळल्या. "संध्याकाळी बघायला कुणाला वेळ असतो?" त्यांनी मला विचारलं.

पाणी कुठलं? धरणाचं. घरात म्हाताऱ्या माणसांशी कोण बोलतं? इथे मावशी खुर्चीत ताठ झाल्या. मग विहीणबाई बराच वेळ एकट्याच बोलल्या, हातवारे करून, शेवटी पदराने पुसावं तसं हाताने नाक पुसून. अश्विनी म्हणाली, "आई, त्या म्हणतायत, उद्या माझा मुलगा तुमच्याकडे राहायला गेला आणि त्याला घरची आठवण आली तर, नाशिकहून परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते?"

मावशी पडद्याकडे बघत होत्या, आणि पडद्यातली बाई त्यांच्याकडे.

"सांग त्यांना," मावशी म्हणाल्या, "इथून गाडी सुटायला वेळ लागत नाय. मी स्वतः बसवून देईन. आणि सांग, माझा होकार शे."

नंतर त्या पैठणीच्या घड्या घालत होत्या तेव्हा मला राहवेना. शंका आली की गप्प बसायचं, हे मला बायकोने लग्नानंतर लगेच शिकवायला घेतलं होतं, ते अजून चालू आहे. मी म्हटलं, "मावशी, ती बाई दोन मिनिटं बोलत होती. अश्विनीने एवढंसंच सांगितलं. आणि तेही अगदी तुमच्याच शब्दांत. त्या बाईने खरंच तेच विचारलं असेल का?"

मावशींनी घडी थांबवली नाही.

"भाऊ, मी जन्मभर दोन घरांच्या मध्ये बसले. मधलं माणूस जसंच्या तसं सांगायला लागलं तर एक तरी लग्न जमेल का?"

"म्हणजे तिने मनाचं सांगितलं?"

"ते मला काय माहीत? पण जमवलं तर शे पोरीने." पैठणी पिशवीत घालून त्या म्हणाल्या, "कुणाची शे शेवटी."

लग्नाला त्या एकट्याच गेल्या. मग अश्विनीचे दिवस भरत आले म्हणून राहिल्या, मग नात लहान म्हणून राहिल्या. अधूनमधून फोन येतो. कधी मागे भजनं चाललेली असतात, कधी त्या विहिणीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत संध्याकाळी नुसत्या समुद्राकडे बघत बसलेल्या दिसतात. दोघी आपापल्या भाषेत बोलतात. मी विचारलं, कळतं का? तर म्हणाल्या, "न कळून काय बिघडलं?" येणार म्हणतात. कधी ते माझ्या लक्षात राहत नाही, की त्या सांगत नाहीत, हे मला नीट सांगता येणार नाही.

मला त्या आठवतात त्या निघाल्या त्या दुपारच्या. मुंबईला जायची गाडी फाटकात उभी. मी सामान ठेवलं, त्यात चुकून आमच्या दळणाची पिशवीही ठेवली, ती बायकोने ओढून काढली. मावशी मागे बसल्या. ड्रायव्हरला काही विचारतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी विचारलं नाही. शेवटी मीच खिडकीशी वाकलो. "मावशी, परतीची गाडी?"

"लेकीकडे चाललेय भाऊ," त्या म्हणाल्या. "असं काय विचारता?"

गाडी गेली. कोपऱ्यावर वळली. आणि आम्ही जिना चढणार तोच उलटी येऊन पुन्हा फाटकात थांबली. बायकोने माझा दंड धरला. मलाही वाटलं, झालं, उतरणार आता.

काच खाली झाली. मावशींनी हात बाहेर काढला, हातात फ्लॅटची किल्ली.

"द्यायची राहिली. दिवेलागणीला बत्ती लावत जा रोज. पोरगी अवचित आली तर अंधारं माहेर दिसायला नको."

"आणि तुम्ही आलात तर?"

"मला अंधारातही सापडतं. बायकोला छळू नका."

काच वर झाली. मागच्या काचेतून त्यांचा हात तेवढा दिसला, पाहुण्यांना आत पिटाळावं तसा हलणारा. जा, जा आत. मी आत गेलो. किल्ली लावली, फिरवली, पुन्हा लावली. दार उघडेना. बायको मागून म्हणाली, "अहो, ते आपलं दार आहे."